घरचा आणि घरच्यासारखा

मराठी प्रकाशनात नोकरीला लागलं की सहा-आठ महिन्यांत कधीतरी एक वाक्य कानावर पडतं, 'तू आता आमच्या घरचाच आहेस.' मलाही आमच्या मालकांनी, म्हणजे दादांनी, हे सांगितलं होतं, आणि ते मनापासून सांगितलं होतं. पुण्यातल्या एका कुटुंबाच्या प्रकाशन संस्थेत मी बावीस वर्षं काढली. त्यातली निम्मी वर्षं 'घरचा' आणि 'घरच्यासारखा' हे मला एकच वाटत होतं. आता या क्षेत्रात येणाऱ्या मुलामुलींचाही तोच घोळ होताना दिसतो, म्हणून लिहितो आहे.

आपल्याकडचं प्रकाशन मोठ्या प्रमाणावर घराण्यांनीच उभं केलं. गणेश भटकळांनी 1924 मध्ये पॉप्युलर बुक डेपो काढला. पुढे रामदास भटकळ आणि मग हर्ष भटकळ अशी ती परंपरा चालत आली. मॅजेस्टिकमध्ये केशवराव कोठावळ्यांनंतर अशोक कोठावळे आले, मेहतांकडे अनिल मेहतांनंतर सुनील मेहता. पाटीवर 'प्रायव्हेट लिमिटेड' असलं तरी आत शिरल्यावर काका, दादा, वहिनी असतात आणि दुपारचा डबा पुष्कळदा सगळ्यांचा एकत्रच उघडतो.

मग घरचा कोण, हे ओळखायचं कसं? हातातल्या कुठल्याही पुस्तकाचं श्रेयनामावलीचं पान उघडा. प्रकाशक, मुद्रक, मुखपृष्ठ, अक्षरजुळणी. पुस्तकावर प्रकाशकाचं आणि मुद्रकाचं नाव छापलंच पाहिजे, असं 1867 च्या कायद्याने घालून दिलं आणि ती रीत पक्की झाली. तिथे 'प्रकाशक' या शब्दापुढे ज्याचं नाव येतं तो घरचा. ज्याने तीन-तीन प्रुफं वाचली, लेखकाच्या वाक्यातली विभक्ती दुरुस्त केली, शेवटच्या फर्म्यात, म्हणजे एका कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गठ्ठ्यात, दोन पानं कोरी राहतात म्हणून परिशिष्ट पुन्हा बसवलं, तो घरच्यासारखा. त्याचं नाव तिथे कधी असतं, कधी नसतं.

पण घरच्यासारखं असणं म्हणजे दुय्यम असणं, असं मी मुळीच मानत नाही. मौज प्रकाशन हे भागवत बंधूंचं घर. राम पटवर्धन काही भागवत नव्हते. तरी श्री. पु. भागवतांच्या बरोबरीने त्यांनी 'सत्यकथा' मासिकाचं संपादन केलं, आणि त्यांच्या हाताखालून हस्तलिखित जाणं ही लेखकांना शिकवणी वाटायची. मजकुराच्या बाबतीत घरच्यासारख्या माणसाचा शब्द शेवटचा असू शकतो. चांगल्या घरांत तो असतोच. माझ्याही दादांनी मी नको म्हटलेलं पुस्तक कधी काढलं नाही.

फरक पैशापाशी आणि सहीपाशी लागतो. एका कादंबरीची आवृत्ती संपत आली होती. वितरकांचे फोन येत होते, मी हजार प्रतींचा कागद बोलून ठेवला होता. रात्री घरात जेवताना ठरलं की पुनर्मुद्रण पुढच्या वर्षी करायचं. मला ते सकाळी कळलं. माझं मत चुकीचं ठरलं असं नाही, ते त्या ताटांपर्यंत पोचलंच नव्हतं. मला त्याचं वाईट वाटलं, कारण मी स्वतःला त्या पंगतीत धरलं होतं.

दादा गेले तेव्हा तर हे अगदी उघडं पडलं. कुठल्या लेखकाचा करार कुठल्या फायलीत आहे, कुणाची रॉयल्टी मुलीच्या नावाने जाते, कुणाचे गठ्ठे गोडाऊनच्या मागच्या भिंतीला आहेत, सगळं मला तोंडपाठ होतं. पण चेकवर सही करायचा अधिकार मला नव्हता. बँकेची कागदपत्रं होईपर्यंत रॉयल्टी अडली. एका दिवंगत लेखकाच्या पत्नी दर सोमवारी फोन करायच्या. आवाज न चढवता विचारायच्या, 'झालं का हो काही?' लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं लेखनाचा हक्क (कॉपीराइट) त्याच्या वारसांकडे राहतो, त्यामुळे प्रकाशकाच्या घराइतकीच लेखकांची घरंही या धंद्याला बांधलेली असतात. त्या बाईंना उत्तर देणारा मी होतो, आणि देण्यासारखं माझ्या हातात काही नव्हतं.

घरच्या माणसाचं ओझंही तेव्हाच जवळून दिसलं. आमची फर्म भागीदारीची होती. भागीदारीत देणी थकली तर भागीदाराच्या खासगी मालमत्तेवर, राहत्या घरावरही येऊ शकतं. मला महिन्याचा पगार चुकला तर मी दुसरीकडे अर्ज करू शकत होतो. दादांच्या मुलाला ती वाट नव्हती. त्याने पुण्याबाहेरची चांगली नोकरी सोडली आणि उधारीच्या वह्या घेऊन माझ्याशेजारी बसला.

घरच्यासारख्या माणसाने मागून घ्यायच्या गोष्टी आहेत, आणि त्यात संकोच करू नये. नेमणुकीचं पत्र लेखी घ्या. 10 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणी 5 वर्षं सलग नोकरी झाली की ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, लागू होते, दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार. 20 माणसं असली की भविष्यनिर्वाह निधी. 'घरात कसले कागद' असं म्हणणारं घर प्रेमळ असू शकतं, पण मालकाचा स्वतःचा भागीदारीचा करार स्टँपपेपरवर केलेला असतो हे लक्षात ठेवा.

दादांचा मुलगा शाळेत असल्यापासून मला 'काका' म्हणतो, अजूनही म्हणतो. मी त्याला 'अरे तू' म्हणायचो. सहीचा अधिकार त्याच्या नावावर आला, त्या आठवड्यात अडकलेले रॉयल्टीचे चेक सहीसाठी त्याच्यापुढे ठेवताना माझ्या तोंडून 'तुम्ही' गेलं. त्याने पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, 'काका, असं नका ना बोलू.' मी सोमवारच्या फोनवाल्या बाईंचा चेक सगळ्यात वर ठेवला होता, तो त्याच्याकडे सरकवला.