सोलापूर–मुंबई: तासाभराच्या विमानाला एवढी वर्षं का लागली?

सोलापुरात मुंबईचं अंतर विचारलं तर उत्तर मिळतं, ‘एक रात्र’. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसला बसायचं, पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी, डोळे उघडतात तोवर कल्याण-दादर. रुळांवरून हे अंतर ४५५ किलोमीटर. नकाशावर सरळ रेघ ओढली तर साधारण ३६० भरतं; मधले जवळजवळ शंभर किलोमीटर कुर्डुवाडी, दौंड, पुणे आणि बोरघाटाच्या वळणांचे. फेब्रुवारी २०२३ मध्ये वंदे भारत आली तरी साडेसहा तास लागतातच.

विमानाला ही वळणं नाहीत. तरीही वेळापत्रकातला वेळ नुसत्या भागाकाराने निघत नाही. एम्ब्रेअर १७५ जातीचं ७६ आसनी जेट वर गेल्यावर ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास उडतं, म्हणजे ३६० किलोमीटर अर्ध्या तासाच्या आत व्हायला हवेत. पण विमानाचं जमिनीवरून धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, खाली उतरणं आणि मुंबईच्या आकाशातली रांग धरून तासभर तरी जातोच. गोव्याचं मोपा विमानतळ सरळ रेषेत ३०० किलोमीटरच्या आसपास आहे. तिथे जाणारं एटीआर हे पंख्यांचं छोटं विमान ताशी ५०० च्या वेगाचं, त्यामुळे तिथेही साधारण तेवढाच वेळ.

मग एवढ्याशा अंतरासाठी इतकी वर्षं का लागली? होटगी रस्त्यावरची धावपट्टी जुनीच आहे. २०१० च्या आसपास किंगफिशरची मुंबई सेवा काही काळ चालली आणि बंद पडली. पुढे लहान शहरं विमानाने जोडणारी केंद्राची ‘उडान’ योजना आली, नांदेड, जळगाव, कोल्हापूरहून विमानं सुटू लागली, आणि सोलापूर यादीत नाव असूनही जमिनीवरच राहिलं.

अडसर होता सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मितीची सुमारे ९० मीटर उंचीची चिमणी. उतरणारं विमान दर किलोमीटरला साधारण पन्नास मीटर उंची सोडत खाली येतं. धावपट्टीच्या तोंडाशी एवढा उंच खांब उभा असेल, तर शेवटचे ते दोन-चार किलोमीटरच धोक्याचे होतात. चिमणीवरून शहर अक्षरशः दोन गटांत वाटलं गेलं. एकीकडे विमान मागणारे उद्योजक आणि तरुण, दुसरीकडे ज्यांच्या उसाचं गाळप तिथे होतं ते सभासद शेतकरी. मोर्चे झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. मला विमान हवंच होतं, पण स्वतःच्या कारखान्याचा भाग पडताना पाहणाऱ्या त्या माणसांचं दुःखही मला खरं वाटतं.

१५ जून २०२३ रोजी चिमणी पाडली. काही क्षणांत ती आडवी झाली आणि मागे धुळीचा लोट उरला.

पुढचं मग भराभर झालं. २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे नूतनीकरण झालेल्या विमानतळाचं उद्घाटन केलं. ९ जून २०२५ ला फ्लाय ९१ चं गोव्याचं विमान सुरू झालं, आणि १५ ऑक्टोबर २०२५ पासून स्टार एअरने मुंबई व बंगळूर जोडलं.

सोलापूरजवळच्या बोरामणीच्या मोठ्या विमानतळाचा प्रस्ताव मात्र वनजमिनीत आणि माळढोक पक्ष्याच्या माळरानात अडकत राहिला. मोठ्या विमानांना लांब धावपट्टी लागते. होटगी रस्त्यावर दोन्ही अंगांनी वस्ती आणि शेतं आहेत, तिथे ती वाढवायला फारशी जागा उरलेली नाही.