दोन्ही स्कोपी नॉर्मल म्हणजे आतडं क्लिअर? नाही हो

"वरून एंडोस्कोपी झाली, खालून कोलोनोस्कोपी झाली, दोन्ही नॉर्मल, म्हणजे पोटात काहीच नाही" हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय आणि त्यामुळे लोक हिमोग्लोबिन कमी म्हणून महिनोन्महिने नुसत्या लोहाच्या गोळ्या खात बसतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. वरची दुर्बीण लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंतच जाते, खालची फार तर शेवटच्या थोड्या भागापर्यंत. मधलं कित्येक फूट आतडं कोणी बघितलेलंच नसतं!

आणि तिथे चरबीची गाठ म्हणजे लायपोमा, स्नायूची गाठ म्हणजे लायोमायोमा, आतल्या अस्तराची गाठ म्हणजे अ‍ॅडेनोमा, रक्तवाहिन्यांची गाठ म्हणजे हिमँजिओमा, अशा साध्या गाठी होऊ शकतात. कॅन्सर नसतात, बऱ्याचदा त्रासही देत नाहीत, पण काही हळूहळू रक्त गळवतात आणि हिमोग्लोबिन घसरत राहतं, काहींमुळे आतड्याचा एक भाग दुसऱ्यात सरकून अडकतो, मग पोटात कळा, उलट्या. अ‍ॅडेनोमाचा तर पुढे कॅन्सर होऊ शकतो, म्हणून तो काढतातच.

सोनोग्राफीत आतड्यातल्या गॅसमुळे हे सहज सुटतं. सीटी एंटेरोग्राफीत, म्हणजे लहान आतड्याच्या खास सीटी स्कॅनमध्ये, बरंच कळतं, लायपोमा तर चरबीच्या काळ्या छटेवरून ओळखू येतो. २००१ पासून गिळायची कॅमेरा कॅप्सूलही आहे, पण ती तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढू शकत नाही आणि आतडं अरुंद असेल तर अडकू शकते, म्हणून आधी स्कॅन. तुकडा हवा असेल तर बलून एंटेरोस्कोपी, म्हणजे फुग्याच्या मदतीने लहान आतड्यात खोलवर जाणारी दुर्बीण, किंवा ऑपरेशन.

शौच काळी होतेय, हिमोग्लोबिन परत परत उतरतंय, तर गॅस्ट्रोवाल्या डॉक्टरांना सरळ विचारा, लहान आतडं कधी तपासायचं?