पॅपिलिडीमा (अज्ञातहेतुक मस्तिष्कदाबवृद्धीतील)

कवटीच्या आतला दाब वाढल्यामुळे दृष्टितंत्रिकेच्या डोळ्यातील टोकाला, म्हणजे दृष्टिबिंबाला, येणारी सूज. मेंदूतील गाठ, संसर्ग किंवा मेंदूच्या शिरांतील गुठळी यांमुळेही ती येते. ही सर्व कारणे तपासून वगळल्यावर जो विकार उरतो त्याला अज्ञातहेतुक (कारण न कळलेली) मस्तिष्कदाबवृद्धी (आयआयएच) म्हणतात. प्रस्तुत नोंद त्यातील सुजेपुरती आहे. तरुण व मध्यम वयाच्या, वजन वाढलेल्या स्त्रियांत हा विकार अधिक आढळतो.

विकाराची नावे अनेकदा बदलली. जर्मन वैद्य हाइनरिख क्विंके यांनी १८९०च्या दशकात अशा रुग्णांचे वर्णन केले. माक्स नोने यांनी १९०४ मध्ये ‘स्यूडोट्यूमर सेरेब्री’, म्हणजे गाठीचा भास करून देणारा विकार, ही संज्ञा वापरली. १९५५ मध्ये फोली यांच्या लेखापासून त्याला ‘सौम्य’ हे विशेषण चिकटले. गाठ नाही, जिवाला धोका नाही, एवढाच त्याचा अर्थ होता. पण या ‘सौम्य’ आजारात काही रुग्णांची दृष्टी कायमची जाते हे स्पष्ट होत गेले आणि १९८०च्या दशकाअखेर ते विशेषण टाकून देण्याचा आग्रह धरला गेला. तो योग्यच होता.

सूज कशी येते, हा वाद डोळ्याच्या आत पाहण्याच्या उपकरणाइतकाच, म्हणजे नेत्रदर्शकाइतकाच, जुना आहे. हेल्महोल्ट्स यांनी १८५१ मध्ये ते उपकरण पुढे आणले आणि १८६० मध्ये आल्ब्रेख्ट फोन ग्रेफे यांनी फुगलेल्या बिंबाचे वर्णन करून शिरांतील रक्त तुंबणे हे त्याचे कारण मानले. दुसरे मत दृष्टितंत्रिकेच्या आवरणाकडे बोट दाखवते. मेंदूभोवतीची आवरणे या तंत्रिकेवरूनही थेट नेत्रगोलापर्यंत जातात, त्यामुळे मस्तिष्क-मेरुद्रवाचा (मेंदू व मेरुरज्जूभोवतीच्या द्रवाचा) वाढलेला दाब तिथवर पोहोचतो. सोहनसिंग हेरे यांनी १९६०च्या दशकात माकडांवर केलेल्या प्रयोगांत आवरण उघडल्यावर त्या बाजूची सूज ओसरली, आणि या मताला मोठे बळ मिळाले. पुढील संशोधनातून असे चित्र उभे राहिले : नेत्रगोलाच्या मागील चाळणीसारख्या पडद्यापाशी दाबाचा समतोल बिघडतो, दृष्टितंत्रिकेच्या तंतूंच्या आतून सतत वाहणारा पेशीरस तिथे अडतो आणि तंतू फुगतात. शिरा दबणे व रक्त पाझरणे हे बहुधा त्यानंतरचे. आज हाच क्रम अधिक ग्राह्य वाटतो.

दाब मुळात का वाढतो, हे मात्र अनिर्णित आहे. बऱ्याच रुग्णांत मेंदूतील आडव्या शिरानालांत दोन्ही बाजूंना अरुंदपणा दिसतो. द्रव काढल्यावर तो काही वेळा कमी होतो, म्हणून तो दाबाचा परिणाम असावा. पण शिरानालात स्टेंट (तो रुंद ठेवणारी जाळीदार नळी) बसवल्यावर दाब उतरतो, म्हणून तो कारणही असावा. दोन्ही एकमेकांना वाढवतात असे मानणे अधिक सयुक्तिक.

दृष्टीचे नुकसान चोरपावलांनी होते. वाकून उठताना किंवा पटकन उभे राहताना काही सेकंद डोळ्यांपुढे करडा पडदा येतो आणि निघून जातो. नाडीच्या ठेक्यावर कानात घुमणारा आवाज याच काळात ऐकू येऊ शकतो. डोळा बाहेरच्या बाजूस वळवणारी सहावी मस्तिष्क तंत्रिका दुबळी झाल्यास एकाची दोन दिसतात. दृष्टिक्षेत्रात आधी अंधबिंदू मोठा होतो, मग नाकाकडील खालची बाजू झिजते. मधली नजर बहुधा उशिरापर्यंत शाबूत राहते, त्यामुळे तक्त्यावरची शेवटची ओळ सहज वाचणाऱ्या रुग्णाचे क्षेत्र आधीच आक्रसलेले असू शकते. म्हणून दृष्टिक्षेत्राची मापनचाचणी वगळून चालत नाही.

सुजेची प्रत लार्स फ्रिसेन यांच्या १९८२च्या श्रेणीने (० ते ५) ठरवतात. सुरुवातीला बिंबाच्या कडेभोवती करडे वलय दिसते. पुढे कडेवरून बाहेर पडणारी रक्तवाहिनी सुजलेल्या तंतूंत बुडते आणि थोड्या अंतरावर पुन्हा वर येते. हा लोप श्रेणी वाढल्याची मोठी खूण आहे. एक सापळा ध्यानात ठेवावा : मेलेले तंतू सुजत नाहीत. बिंब सपाट झाले पण फिकट पडले, तर ती सुधारणा नसून ऱ्हास असू शकतो. ओसीटी यंत्रावर (प्रकाशाने दृष्टिपटलाच्या थरांची जाडी मोजणाऱ्या) पातळ दिसणारा तंतूंचा थरही म्हणूनच दृष्टिक्षेत्राशी ताडून पाहावा लागतो. जन्मजात उंच किंवा आत कॅल्शियमचे कण असलेले बिंब सुजल्याचा भास करून देते, तेही ओळखावे लागते.

निदानासाठी मेंदू व शिरांचे चित्रण आणि कमरेतून द्रवाच्या दाबाचे मापन करतात. प्रौढांत २५० मिमी किंवा अधिक द्रवस्तंभ ही प्रचलित मर्यादा आहे. टेट्रासायक्लिन गटातील प्रतिजैविके व अ जीवनसत्त्वाचा अतिरेक यांमुळेही दाब वाढू शकतो, म्हणून त्यांची चौकशी अवश्य करतात.

वजन घटवणे हा उपचाराचा पाया. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सौम्य दृष्टिदोष असलेल्या १६५ रुग्णांच्या चाचणीत आहारनियंत्रणाच्या जोडीला ॲसिटाझोलामाइड (द्रवाची निर्मिती कमी करणारे औषध) दिल्यावर दृष्टिक्षेत्र अधिक सुधारले, मात्र फरक माफक होता. नजर झपाट्याने जात असल्यास शस्त्रक्रिया तातडीची ठरते : द्रव पोटाकडे वळवणारी नळी, किंवा तंत्रिकेच्या आवरणाला छेद. आवरणछेद नेत्रवैद्य द वेकर यांनी १८७२ मध्येच वर्णिला होता. एका डोळ्यामागे तो दिल्यावर काही रुग्णांत दुसऱ्या डोळ्याचीही सूज उतरते.