हर्बल चहाची फळ-स्मूदी

थंड केलेल्या वनस्पतींच्या चहात ताजी किंवा गोठवलेली फळे मिक्सरमध्ये घोटून केलेले दाट पेय. दूध, साधे पाणी किंवा डब्यातला रस यांच्या जागी यात चहा वापरतात. हा चहा गवती चहा, तुळस, पुदिना, आले, बडीशेप, दालचिनी, गोकर्णाची फुले, लाल अंबाडीची बोंडे अशांपैकी एखाद-दोन वनस्पतींचा असतो. चहाच्या झुडपाची पाने त्यात नसल्याने कॅफिनही नसते. नाशिक जिल्ह्यात द्राक्ष, डाळिंब, पेरू, सीताफळ यांची शेती आहे आणि गवती चहा तर कुंडीतही वाढतो. त्यामुळे या पेयाला लागणारा बहुतेक जिन्नस इथे आसपासच मिळतो.

विजेच्या ब्लेंडरशिवाय स्मूदी हा प्रकार रुजलाच नसता. अमेरिकेत स्टीफन पॉपलॉस्की यांनी १९२२ मध्ये भांड्याच्या तळाशी फिरते पाते बसवलेले यंत्र केले. १९७३ मध्ये लुइझियाना राज्यात ‘स्मूदी किंग’ हे दुकान निघाले आणि पुढे स्मूदी हा शब्द जगभर पसरला. आपल्याकडे १९६०च्या दशकात सुमीतसारखे मिक्सर आले ते चटणी, वाटण आणि इडलीच्या पिठासाठी. ओले-कोरडे दोन्ही वाटू शकणारा हा दणकट मिक्सर गोठलेल्या फळांनाही पुरतो, म्हणून वेगळे यंत्र घेण्याची गरज नाही.

फळ कितीही उत्तम असले तरी या पेयाची प्रत ठरते ती चहावर, आणि नेमकी तिथेच घाई होते. वनस्पतींचा गुण पाण्यात कसा उतरवायचा याचा विचार शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात फार बारकाईने केलेला आहे. कढत पाण्यात टाकून, झाकून, गाळून घेतात तो फांट. सहापट थंड पाण्यात रात्रभर भिजत ठेवून सकाळी गाळतात तो हिम. आणि उकळून आटवतात तो क्वाथ, म्हणजे आपला काढा. स्मूदीसाठी ही विभागणी जशीच्या तशी उपयोगी पडते. पुदिना, तुळस, गवती चहा, गोकर्ण यांचा फांट करावा. दालचिनी, सुंठ, ज्येष्ठमध अशा सालीमुळांना उकळी हवी. वाळ्याचा हिम करावा. उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी टाकणाऱ्या घरांना त्याचा वास ओळखीचा असतो, आणि पांढऱ्या द्राक्षांबरोबर तो विलक्षण छान लागतो.

गवती चहाला लिंबासारखा वास देणारे सिट्रल हे द्रव्य वाफेबरोबर उडून जाते. दुधाच्या चहात पाती बराच वेळ उकळण्याची आपली सवय इथे सोडावी लागते. पाणी उकळले की गॅस बंद करून चिरलेली पाती टाकावीत, घट्ट झाकण ठेवावे आणि ७ ते १० मिनिटांनी गाळावे. पुदिन्याला ५ मिनिटे पुरतात.

चहा नेहमीच्या दुप्पट कडक हवा. थंडाव्यात जिभेला चव आणि नाकाला वास कमी जाणवतो, शिवाय फळाचा गर आणि गोडी त्यावर चढते. एरवी एका कपाला गवती चहाची ३ पाती पुरत असतील तर इथे ६ घ्यावीत. वेळ वाढवून कडकपणा आणायला गेले की तुळस, पुदिना कडवट होतात. म्हणून पाने वाढवावीत, वेळ वाढवू नये. गाळलेला चहा निवला की फ्रिजमध्ये ठेवावा. त्यातला थोडा बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवला तर फारच उत्तम, कारण साध्या पाण्याचा बर्फ वितळून पेय पांचट होते आणि चहाच्या बर्फाने तसे होत नाही. गरम चहा मिक्सरच्या बंद भांड्यात कधीही घालू नये. वाफेच्या दाबाने झाकण उडते आणि हातातोंडावर भाजते.

नाशिकच्या द्राक्षांना भौगोलिक मानांकन आहे. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात साधारण जानेवारीपासून एप्रिलपर्यंत छाटणीच्या वेळेनुसार माल निघतो. थॉमसन सीडलेस, सोनाका ही पांढरी आणि शरद सीडलेस ही काळी द्राक्षे त्यांतली परिचित. निर्यातीला घड एकसारखा लागतो. घडातून सुटलेले मणी चवीला तितकेच गोड असूनही मागे राहतात आणि स्वस्त विकले जातात. स्मूदीला घड देखणा असून काय करायचे? सुटे मणी खायच्या सोड्याच्या पाण्यात काही वेळ ठेवून दोन-तीनदा चांगल्या पाण्याने धुवावेत, फडक्यावर कोरडे करावेत आणि ताटात पसरून गोठवावेत. मग पिशवीत भरले तरी ते एकमेकांना चिकटत नाहीत. बिनबियांचे असल्याने ते सालासकट वाटता येतात आणि बर्फाचे कामही तेच करतात. हंगामात एक-दोन किलो असे ठेवले की मे महिन्याच्या उन्हात त्यांची खरी किंमत कळते. गोठलेले मणी फ्रीझरमधून काढून ५ मिनिटे बाहेर ठेवल्याशिवाय मात्र मिक्सर चालू करू नये, पात्यावर ताण येतो.

द्राक्षाची एक उणीव आहे: त्यात पाणी भरपूर आणि गर थोडा, त्यामुळे नुसत्या द्राक्षांची स्मूदी सरबतासारखी पातळ होते. पेरू ही उणीव भरून काढतो, कारण त्यात दाटपणा देणारे पेक्टिन भरपूर असते. बिया दाताखाली येतात म्हणून पेरू आधी थोड्या चहात वाटून गाळणीतून काढावा. बागलाण, मालेगाव, देवळा भागातल्या भगव्या डाळिंबाचे दाणे सलग फिरवले तर बिया भरडल्या जाऊन पेय तुरट आणि रवाळ होते. दोन-तीन झटके देऊन लगेच गाळणे बरे. सुरगाण्याकडची स्ट्रॉबेरी हिवाळ्यात येते आणि तुळशीबरोबर तिची जोडी फार सुरेख जमते. पावसाळा सरताना येणारे सीताफळ बिया काढण्याच्या कटकटीमुळे टाळले जाते, पण त्याच्या गराइतका मऊ दाटपणा दुसरे फळ क्वचितच देते. त्याला दालचिनीचा सौम्य काढा घालावा.

दोन पेल्यांसाठी साधारण प्रमाण असे: एक कप, म्हणजे २०० मिलिलिटर, थंड कडक चहा; दीड कप गोठवलेली फळे; दाटपणासाठी अर्धा पेरू किंवा चमचाभर सब्जा. सब्जा १५-२० मिनिटे पाण्यात भिजवून, फुगल्यावर, वाटून झालेल्या स्मूदीत वरून मिसळावा. आधी निम्माच चहा घालून फळे घोटावीत आणि लागेल तसा उरलेला ओतावा. शेवटी चिमूटभर मीठ किंवा सैंधव घातले तर गोडी उठून दिसते. द्राक्षांच्या स्मूदीत साखर घालण्याचे काहीच कारण नाही. मध घालायचाच तर तो थंड चहातच घालावा, कारण आयुर्वेदाने मध तापवणे निषिद्ध मानले आहे.

रंगाची गंमत गोकर्ण आणि अंबाडीत आहे. दोन्हींतली अँथोसायनिन रंगद्रव्ये आंबटपणाप्रमाणे रंग बदलतात. गोकर्णाचा निळाशार चहा द्राक्षांच्या आंबटपणाने जांभळट होतो. अंबाडीच्या बोंडांचा चहा मुळातच आंबट, म्हणून लालभडक राहतो. डाळिंबाबरोबर तो घेतला तर आंबटावर आंबट होते, तेव्हा सोबत चिकू हवा.

अंबाडीच्या चहात दूध घातले की ते फाटते. कच्च्या आल्यातले विकर (एन्झाइम)ही दुधातल्या प्रथिनांवर काम करते, आणि कच्चा अननस किंवा पपई दुधात वाटून ठेवली की थोड्या वेळाने कडू लागते, तेही अशाच विकरांमुळे. चरकसंहितेने आंबट फळे आणि दूध यांना विरुद्ध आहार म्हटले आहे. केळ्याचे शिकरण आपल्या घरांत आवडीने खाल्ले जाते, तरीही आंबट फळ दुधात घालताना हात थबकतो तो या जुन्या शिकवणीमुळे. चहा वापरला की हा प्रश्न उरतच नाही. मलईदार पोत हवा असेल तर ताजे, आंबट न झालेले दही किंवा भिजवून सोललेले बदाम चालतात.

दाटपणासाठी बहुतेक जण केळे घालतात. शेजारच्या जळगावातून ते बारमाही येते आणि स्वस्तही असते. पण केळ्यात पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर भरपूर असते. कापलेले केळे काळे पडते ते त्यामुळेच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, केळ्याच्या स्मूदीतून फ्लॅव्हनॉल (फळांतली आरोग्याला उपकारक मानली जाणारी द्रव्ये) घेतलेल्यांच्या शरीरात ते कॅप्सूलमधून घेतलेल्यांपेक्षा ८४ टक्के कमी आढळले. काळ्या द्राक्षांच्या सालीतली अशी द्रव्ये मिळावीत म्हणून स्मूदी करणाऱ्याने केळे वेगळे खावे. चवीपुरतीच स्मूदी हवी असेल तर केळे टाळण्याची गरज नाही.

हर्बल म्हणजे निर्धोक असे समजून मोठमोठे पेले पिऊ नयेत. ज्येष्ठमध रोज आणि जास्त प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. अंबाडीचा चहा उलट रक्तदाब उतरवतो, म्हणून त्यावर गोळ्या चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारावे. गरोदर स्त्रियांनीही औषधी वनस्पतींचे कडक चहा विचारूनच घ्यावेत. एक वर्षाखालच्या बाळाला मध घातलेले काहीही देऊ नये. मधुमेह असलेल्यांसाठी द्राक्षांची स्मूदी सोयीची नाही: दोन मूठ द्राक्षे चावून खायला वेळ लागतो, तीच घोटली की दोन मिनिटांत पोटात जातात. त्यांनी पेरू आणि सब्जा वाढवून द्राक्षे पाच-सहा मण्यांपुरतीच ठेवावीत.

गाळलेला चहा उन्हाळ्यात दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू देऊ नये; फ्रिजमध्ये तो दोन दिवस चांगला राहतो. स्मूदी मात्र केल्याबरोबर प्यावी. ठेवली तर गर वर येतो, पाणी खाली बसते, आणि पुदिन्या-तुळशीचा ताजा वास तासाभरात बराचसा निघून जातो.