विज्ञान आणि धर्मश्रद्धा (गोवा)

विज्ञान आणि धर्मश्रद्धा एकत्र नांदू शकतात का, हा प्रश्न मराठीत मांडताना पहिली अडचण शब्दापाशीच येते. ‘शास्त्र’ हा शब्द दोन्ही घरचा आहे. शाळेत शिकवतात ते रसायनशास्त्र, आणि सुतकात काय वर्ज्य हे भटजी सांगतात तेही शास्त्रच. ‘शास्’ या धातूचा अर्थ शिकवणे आणि आज्ञा करणे असा दुहेरी असल्याने प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ आणि देवळातले शास्त्रीबुवा भाषेपुरते तरी भाऊबंद ठरतात. त्यातच मराठी माणूस ताटात ‘शास्त्रापुरता’ गुळाचा खडा वाढतो, म्हणजे नियम पाळतो आणि त्याला हसतोही. या नोंदीत धर्मश्रद्धा म्हणजे देव, संत, दैवी शक्ती आणि विधी यांवरचा विश्वास. विज्ञान म्हणजे निरीक्षण, मोजमाप, प्रयोग आणि चुकीचे ठरलेले टाकून देण्याची सवय.

या संबंधाची सर्वपरिचित मांडणी संघर्षाची आहे. जॉन विल्यम ड्रेपर (१८७४) आणि अँड्रू डिक्सन व्हाइट (१८९६) या अमेरिकेतील लेखकांनी विज्ञान आणि चर्च यांचा इतिहास युद्धासारखा लिहिला. गॅलिलिओवरचा १६३३ चा खटला हे त्या युद्धाचे ठरीव चित्र झाले. पुढच्या इतिहासकारांनी हे चित्र बरेच खोडून काढले. इयान बार्बर यांनी संघर्ष, अलिप्तता, संवाद आणि समन्वय असे चार प्रकार पाडले. जीवाश्मतज्ज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी १९९७ मध्ये सुचवले की दोघांची अधिकारक्षेत्रेच वेगळी आहेत, एकाने दुसऱ्याच्या अंगणात येऊ नये. सूचना समंजस आहे. अंगणाची हद्द कोणी आखायची, एवढेच तीत राहून जाते. गोव्याचा अनुभव नेमका या हद्दीविषयीचा आहे.

गार्सिया द ओर्ता

आशिया खंडातला युरोपीय धर्तीचा पहिला छापखाना १५५६ साली जेझुइट या ख्रिस्ती धर्मप्रसारक संघाने गोव्यात सेंट पॉल कॉलेजात उभारला, तो धर्मकार्यासाठी. सातच वर्षांनी, १५६३ मध्ये, गोव्यातच हिंदुस्थानातल्या औषधी द्रव्यांवरचा एक मोठा पोर्तुगीज ग्रंथ छापून निघाला. लेखक गार्सिया द ओर्ता हा १५३४ साली इथे आलेला वैद्य. ग्रंथ संवादरूप आहे: रुआनो नावाचा काल्पनिक डॉक्टर ग्रीक आणि अरब आचार्यांचे दाखले देतो, आणि ओर्ता त्याला इथे डोळ्यांनी पाहिलेले, इथल्या हिंदू-मुसलमान वैद्यांकडून ऐकलेले सांगतो. ग्रंथप्रामाण्याला निरीक्षणाने उत्तर देण्याची ही रीत युरोपातही तेव्हा नवी होती. पटकीचे त्याने केलेले वर्णन वैद्यकाच्या इतिहासात आवर्जून उल्लेखले जाते. तिचे नाव त्याने इथल्या लोकांकडूनच घेतले, ते म्हणजे आपली ‘मोडशी’. पोर्तुगीज कानांनी तिची ‘मोर्देशी’ केली आणि फ्रेंचांनी पुढे त्याचे थेट ‘कुत्र्याचे मरण’ करून टाकले. १५६७ मध्ये क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने या ग्रंथाचा लॅटिन सारांश काढला आणि गोव्यातली माहिती युरोपभर गेली.

ओर्ता मूळच्या ज्यू घराण्यातला, ‘नवख्रिस्ती’, म्हणजे ख्रिस्ती झालेल्या ज्यूंपैकी होता. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, १५६० साली आले. तो १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारीनाला, जिवंत जाळण्यात आले, आणि १५८० मध्ये त्याची हाडे उकरून जाळली गेली. ही हकीकत विज्ञानाच्या हुतात्म्याची म्हणून सांगण्याचा मोह होतो. तसे ती सांगता येत नाही. त्याच्यावरचा आरोप गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याचा होता. मोडशी किंवा वेलचीबद्दल तो काय म्हणतो याच्याशी धर्मन्यायालयाला देणेघेणे नव्हते. एका श्रद्धेने सत्ता हाती घेऊन दुसऱ्या श्रद्धेला जाळले, आणि त्या आगीत एका वैज्ञानिकाचे घर सापडले. मधली १७७४ ते १७७८ ही वर्षे वगळता हे न्यायालय १८१२ पर्यंत चालले. आज पणजीत चर्चच्या चौकाशेजारी ओर्ताच्या नावाची बाग आहे.

आबे फारीया

दुसरे उदाहरण धर्मगुरूचेच आहे. जुझे कुश्तोदियु द फारीया (१७५६–१८१९) यांचा जन्म बार्देशातल्या कांदोळीचा. रोममध्ये ते पाद्री झाले आणि पुढे पॅरिसला गेले. तिथे मेस्मर या वैद्याच्या ‘प्राणी-चुंबकत्वा’ची चलती होती: संमोहन करणाऱ्याच्या अंगातून काही द्रव वाहतो आणि समोरच्याला गुंगी आणतो, असा समज. १८१३ पासून भरवलेल्या जाहीर प्रयोगांत फारीयांनी हा द्रव निकालात काढला. खुर्चीत बसवायचे, लक्ष एकवटायला लावायचे आणि ‘झोप’ अशी आज्ञा द्यायची. जे घडते ते झोपणाऱ्याच्या मनात घडते, देणाऱ्याच्या हातात काही नसते. सूचनेने येणाऱ्या या झोपेत त्यांनी सैतानही आणला नाही आणि चमत्कारही. त्यामुळे चुंबकवाले रागावले, कडवे धार्मिक बिथरले आणि नाटकवाल्यांनी टर उडवली. अंगात झगा होता म्हणून विज्ञानवादीही त्यांना आपला मानायला तयार नव्हते. गोव्यात त्यांची आठवण ‘कातर रे भाजी’ या शब्दांनी सांगतात: लिस्बनमध्ये प्रवचनाला उभे राहिल्यावर तोंडातून शब्द फुटेना, तेव्हा वडिलांनी कोंकणीत कुजबुजून धीर दिला, ही सगळी भाजी आहे, काप. एका सूचनेने आपली भीती कशी पळाली याचे कोडे त्यांना तिथूनच पडले, असे म्हणतात. कथा दंतकथेच्या वाटेवरची, पण चपखल. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी १९४५ पासून उभा असलेला त्यांचा पुतळा पाहणाऱ्याला जरा दचकवतोच.

कोसंबी पितापुत्र

साखवाळचे धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) बुद्धाच्या ओढीने घर सोडून नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश फिरले, भिक्षू झाले, पालीचे पंडित म्हणून हार्वर्डपर्यंत पोचले. श्रद्धेचा माणूस, पण रोगी, म्हातारा, प्रेत पाहून सिद्धार्थ घराबाहेर पडला ही सुंदर कथा त्यांनी पुराव्याअभावी बाजूला ठेवली आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि शेजारचे कोलिय या कुळांत पेटलेले भांडण हे गृहत्यागाचे कारण मानले. आपल्याच श्रद्धास्थानाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करणे फार थोड्यांना जमते. मुलगा दामोदर (१९०७–१९६६) गणिती आणि निरीश्वरवादी. आनुवंशिकीत जनुकांमधले अंतर काढायला आजही वापरले जाणारे ‘कोसंबी फलन’ त्यांचे (१९४४). आहत, म्हणजे ठसे मारलेली प्राचीन नाणी त्यांनी तराजूत घालून, संख्याशास्त्राने वाचली; आणि तिठ्यावरच्या शेंदूर फासलेल्या देवी भोळेपणा म्हणून हसण्यावारी न नेता, माणसे कुठल्या वाटांनी आली-गेली याचा पुरावा म्हणून अभ्यासल्या. बापाने श्रद्धा ठेवून चिकित्सा केली, मुलाने श्रद्धा न ठेवता तिची दखल घेतली. बौद्ध धर्माला जगन्निर्माता देव लागत नाही, हेही इथे लक्षात घ्यावे. ‘धर्म’ म्हटले की देव आलाच, हे गृहीतक या घरात लागू पडत नाही.

चालू व्यवहार

२०११ च्या जनगणनेनुसार गोव्यात हिंदू सुमारे ६६, ख्रिस्ती २५ आणि मुसलमान ८ टक्के आहेत. श्रद्धांच्या सीमा मात्र या आकड्यांइतक्या रेखीव नाहीत. शिरगावची लईराई देवी आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण (मेरीमाता) या बहिणी मानल्या जातात, ‘गोंयच्या सायबा’च्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या, दर्शनाला हिंदूही रांग लावतात, आणि दिष्ट काढायला मिरच्या दोन्ही घरांत सापडतात.

लईराईच्या जत्रेत, वैशाख शुद्ध पंचमीच्या रात्री, व्रतस्थ धोंड होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालत जातात. याचे भौतिकशास्त्र अवघड नाही. लाकडाचा निखारा आणि त्यावरची राख उष्णतेचे मंद वाहक आहेत, आणि पाऊल प्रत्येक वेळी सेकंदापेक्षाही कमी टेकते. लंडनजवळ १९३५ साली खुदा बक्ष या जादूगाराला निखाऱ्यांवर चालवून हे पाहिले गेले. त्याच तापमानाची लोखंडी पत्रा-पट्टी अंथरली तर कुठलेही व्रत पाय वाचवणार नाही. पण धोंडाला विचारले तर तो तापमानाबद्दल बोलत नाही. तो उपास, सोवळे, तळीवरचा मुक्काम आणि हातातल्या वेताच्या काठीबद्दल बोलतो. स्पष्टीकरण आणि व्रत दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत, त्यामुळे इथे भांडण जुंपत नाही. देवळातल्या ‘अवसरा’चेही तसेच. अंगात येणाऱ्याकडे फारीयांच्या नजरेने पाहिले तर लय, अपेक्षा आणि सूचना दिसते. भाविकाला देव दिसतो.

खटका उडतो तो दावा तपासण्याजोगा झाला की. देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवून घेतलेला कौल, उजवी पडली तर होकार, हा मानकऱ्यांचा वाद मिटवायला फार सोयीचा असतो: दोन्ही पक्षांची इज्जत राहते. तोच कौल ताप कशाने आला हे ठरवू लागला की रोग्याचे दिवस जातात. फलज्योतिषाची अशी तपासणी जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात केली: हुशार आणि मतिमंद मुलांच्या दोनशे पत्रिका, ज्योतिषांनी कोणती कोणाची ते ओळखायचे. उत्तरे सुमारे ४६ टक्के बरोबर आली, म्हणजे नाणे उडवण्यापेक्षा सरस नाहीत.

पंचांग हे या सगळ्यातले सर्वांत चक्रावणारे पुस्तक. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० मध्ये लिहिलेला ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ ‘ज्या’ (साइन) कोष्टकांवाचून ग्रहगणित करायला शिकवतो, आणि पिढ्यान्पिढ्या पंचांगकर्ते त्यावर चालले. ग्रहणाचा स्पर्श-मोक्ष मिनिटात सांगणारे पान त्याच दमात गर्भवतीने वेधात काय करू नये तेही सांगते. खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीच्या, मानशीवर (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारावर) बसणारा माणूस तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतो. षष्ठीला साडेचार, म्हणजे पुनवेच्या भरतीच्या वेळेत साडेचार तास मिळवायचे. बंदरागणिक फरक धरला तर हिशेब भारतीय सर्वेक्षण विभागाच्या तक्त्यांजवळ जातो, कारण चंद्र दोघांचा एकच आहे. उलट मकरसंक्रांत १४ जानेवारीच्या आसपास आणि खरे उत्तरायण २१-२२ डिसेंबरला, ही तफावत पंचांगात उघड पडलेली असूनही कोणाला तिळगूळ कडू लागत नाही.

राज्यघटनेने दोन्ही बाजू एकाच छपराखाली ठेवल्या आहेत. कलम २५ श्रद्धेचे स्वातंत्र्य देते आणि १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आलेले कलम ५१ क (ज) वैज्ञानिक दृष्टी जोपासणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरवते.

देवराया

सत्तरी तालुक्यातल्या नानोड्याजवळची निरंकाराची राय, म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान, ही गोड्या पाण्याच्या दलदलीत उभी आहे. तिथली रानजायफळाच्या कुळातली झाडे श्वास घेण्यासाठी गुडघ्यांसारखी मुळे चिखलातून वर काढतात. अशी दलदल पश्चिम घाटात आता मोजक्या ठिकाणी उरली आहे. ती टिकली ती वनखात्याच्या आधी देवाच्या धाकाने: राईतली सुकी काटकीही घरी न्यायची नाही, पायातले बाहेर काढायचे. वनस्पतिशास्त्रज्ञ आला तेव्हा त्याला अभ्यासायला काही उरले होते, ते या नियमामुळे. हा धाक झाडांसाठी नव्हता, देवासाठी होता, हेही खरे. कोकणपट्टीत कित्येक ठिकाणी श्रद्धा वाढली, वर्गणी जमली, आणि देवाला मोठा सभामंडप हवा म्हणून राईच तोडली गेली. देव आता फरशीवर बसतो.