अंड्यातला साल्मोनेला: कोंबडीच्या पैदाशीत दडलेला इतिहास

कवचाला तडा नाही, वर विष्ठेचा डाग नाही, अंडेही ताजे. तरीही ते अर्धेकच्चे खाणारी माणसे उलट्या-जुलाबांनी अंथरूण धरतात, हे १९८०च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेतल्या आरोग्य यंत्रणांना पटायला वेळ लागला. तोवर अंड्यातला साल्मोनेला हा आजाराचा जंतू म्हणजे कवचावरची घाण किंवा तडकलेली अंडी, अशीच समजूत होती. अंडी धुवायची, उजेडासमोर धरून तपासायची, तडकलेली बाजूला काढायची. तो प्रश्न अशाने बराचसा सुटलाही होता. मग १९८८ मध्ये अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांतल्या साथींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या साथींत कारणीभूत पदार्थ सापडला, त्यांतल्या ७७ टक्के साथींच्या मुळाशी ‘ग्रेड ए’ या चांगल्या प्रतीची अखंड अंडी किंवा अशा अंड्यांचे पदार्थ निघाले. त्याच वर्षी ३ डिसेंबरला ब्रिटनच्या कनिष्ठ आरोग्यमंत्री एडविना करी यांनी देशातल्या बहुतेक अंडी उत्पादनाला साल्मोनेलाची लागण झाल्याचे जाहीरपणे सांगितले. अंड्यांची विक्री कोसळली आणि दोन आठवड्यांत त्यांना राजीनामा द्यावा लागला. ‘बहुतेक’ हा शब्द अतिशयोक्तीचा होता. पण धोका कवचाबाहेर नसून कोंबडीच्या पोटात आहे, ही मूळ गोष्ट खरी होती.

हा जंतू म्हणजे साल्मोनेला एन्टेरिटिडिस. १८८८ मध्ये जर्मनीत आजारी गाईचे मांस खाऊन लोकांना विषबाधा झाली, तेव्हा ऑगस्ट गेर्टनर यांनी तो प्रथम वेगळा केला. साल्मोनेलाचे २,५००हून अधिक प्रकार आहेत आणि हा त्यांतलाच एक. त्याचा उंदरांशी संबंध जुना आहे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतले जाँ दानिश यांनी १९०० मध्ये याच जातकुळीतला जंतू उंदीर मारण्यासाठी सुचवला आणि तसले ‘जैविक विष’ पुढे कित्येक वर्षे अनेक देशांत विकले गेले. माणसेही त्याने आजारी पडतात हे दिसल्यावर बऱ्याच ठिकाणी ते बंद झाले. धान्याची कोठारे आणि कोंबड्यांच्या शेड असतात तिथे उंदीर असतातच, आणि उंदरांत हा जंतू होता. मग तो कोंबड्यांच्या कळपांत घर करून बसला तो १९७०-८०च्या दशकांतच, आधी का नाही?

याचे उत्तर शोधायला कोंबड्यांच्याच एका जुन्या रोगाकडे जावे लागते. आपल्याकडचे पोल्ट्रीवाले ज्याला पांढरी हगवण म्हणतात, तो पुलोरम. त्याचा जंतू अमेरिकेत लिओ रेटगर यांनी १९०० च्या सुमारास ओळखला. आई कोंबडीच्या बीजांडकोशात तो मुक्काम करतो, अंड्यातून पिलात उतरतो आणि पिले पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पटापट मरतात. त्याचा सख्खा भाऊ गॅलिनेरम मोठ्या कोंबड्यांना टायफॉईड देतो. हे दोघे माणसाला सहसा त्रास देत नाहीत, पण पोल्ट्रीवाल्याचे कंबरडे मोडत. पंखाच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब घ्यायचा, पांढऱ्या फरशीवर जांभळ्या रंगाने रंगवलेल्या मेलेल्या जंतूंच्या थेंबात मिसळायचा. दोन मिनिटांत जांभळ्या गुठळ्या जमल्या, तर कोंबडी बाधित. तिला पैदाशीतून काढायचे. इतकी साधी ही चाचणी. अमेरिकेने १९३५ पासून राष्ट्रीय योजना आखून ती पैदाशीच्या कळपांवर चालवली, युरोपनेही असेच काही केले, आणि १९७०च्या दशकापर्यंत व्यावसायिक कळपांतून हे दोन्ही रोग जवळजवळ हद्दपार झाले.

आता या जंतूंच्या बाह्य आवरणाकडे पाहा. गॅलिनेरम, पुलोरम आणि एन्टेरिटिडिस या तिघांच्याही अंगावर ‘ओ-९’ नावाचा एकच प्रतिजन, म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणा जंतूला ओळखते ती खूण, असतो. एकाची लागण झालेली कोंबडी दुसऱ्याविरुद्धही थोडीफार तयार होते. त्यावरून २०००च्या सुमारास अँड्रियास बॉइमलर आणि सहकाऱ्यांनी मांडणी केली: जुने दोघे कळपातून गेले, त्यांनी राखलेली जागा रिकामी पडली आणि उंदरांतून आलेल्या एन्टेरिटिडिसने ती पटकावली. प्रत्येक देशाच्या आकड्यांशी ही मांडणी हुबेहूब जुळेल असे नाही, आणि अंड्यांच्या धंद्याची झपाट्याने झालेली एकत्र बांधणी तिने पुरती समजावली असेही म्हणवत नाही. तरी मला ती मोलाची वाटते. पोल्ट्रीवाल्यांनी रोग हटवण्यासाठी जे केले ते योग्यच होते. त्याची दुसरी बाजू पाहायचे साधन तेव्हा कुणापाशी नव्हते.

ते साधन जीनोमच्या, म्हणजे जंतूच्या संपूर्ण जनुकीय मजकुराच्या, वाचनाने दिले. २००८ मध्ये एन्टेरिटिडिस आणि गॅलिनेरम यांचे संपूर्ण जीनोम शेजारी ठेवून वाचले गेले. एन्टेरिटिडिसच्या जीनोमची लांबी सुमारे ४७ लाख अक्षरे. त्यावरून दिसले की गॅलिनेरम हा एन्टेरिटिडिससारख्याच पूर्वजातून अलीकडच्या काळात फुटलेला फाटा आहे. कोंबडीशिवाय दुसरीकडे राहायचेच नाही असे ठरल्यावर त्याची ३००हून अधिक जीन निकामी होऊन पडली. पोहण्यासाठी लागणारी शेपटीसुद्धा गेली. एन्टेरिटिडिसने मात्र सगळी हत्यारे राखली: आतड्याच्या पेशीत घुसण्याची, संरक्षक पेशीच्या पोटात जगण्याची, आणि उंदीर, कोंबडी, माणूस सगळ्यांत वावरण्याची.

अंड्याच्या आत टिकणे सोपे नसते. पांढऱ्या बलकात जंतूची भिंत फोडणारे लायसोझाइम असते, तो अल्कधर्मी असतो, आणि लोह तर ओव्होट्रान्सफेरिन नावाचे प्रथिन घट्ट धरून ठेवते. लोहाविना जंतू वाढत नाही. एन्टेरिटिडिसकडे लोह ओढून आणणारी रेणूंची यंत्रणा आहे, त्यासाठीची जीनही सापडली आहेत. कोंबडीच्या अंडनलिकेत कवच चढण्याआधीच तो आत शिरतो आणि पांढऱ्या बलकात, बहुधा पिवळ्या बलकाच्या पडद्यालगत, थोडक्या संख्येने तग धरून बसतो. अंडे उबदार जागी दोन-तीन आठवडे राहिले की तो पडदा सैल होतो, पिवळ्यातले लोह झिरपते आणि जंतू एकदम वाढतो. म्हणून अंडे कुठे आणि किती दिवस ठेवले, याला इतके महत्त्व. बाधित कोंबडीसुद्धा असे अंडे क्वचितच घालते. अमेरिकेतला गाजलेला अंदाज देशातल्या एकूण अंड्यांपैकी २०,०००त एक असा होता. पण एका भांड्यात शेकडो अंडी फोडणाऱ्या मोठ्या स्वयंपाकघराला तेवढे एक पुरते.

ब्रिटनने सुरुवातीला कोंबड्या मारण्याचा मार्ग धरला. लाखो कोंबड्या गेल्या. खरा फरक पडला तो लसीने. आधी पैदाशीच्या कळपांना आणि १९९८ च्या आसपास ‘ब्रिटिश लायन’ या दर्जाच्या छापाच्या अंड्यांसाठी लेयर, म्हणजे खायची अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या, कळपांनाही लस टोचणे सुरू झाले, उंदरांचा बंदोबस्त आणि शेडची सफाई जोडीला होतीच. रुग्णसंख्या झपाट्याने उतरली. २०१७ मध्ये तिथल्या अन्न प्रमाणक संस्थेने गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि वृद्धांनाही त्या छापाची कच्ची-अर्धी अंडी खायला हरकत नाही असे सांगितले. इथे ओ-९ पुन्हा भेटतो. कोंबडीच्या टायफॉईडवरची ‘९आर’ ही गॅलिनेरमची दुबळी केलेली जिवंत लस १९५६ पासूनची आहे, आणि ती एन्टेरिटिडिसविरुद्धही काही प्रमाणात कामी येते.

उरला प्रश्न उगमाचा. एन्टेरिटिडिसच्या सगळ्या शाखा इतक्या जवळच्या की डीएनएचे तुकडे पाडून ठसे जुळवण्याच्या जुन्या पद्धतीत अमेरिकेतल्या निम्म्याच्या आसपास रुग्णांचा ठसा एकसारखाच यायचा. कोणते फार्म, कोणती साथ, काही कळायचे नाही. पूर्ण जीनोम वाचायला लागल्यावर एकेका अक्षराचा फरक दिसू लागला. अनेक युरोपीय देशांत विखुरलेल्या रुग्णांचा माग २०१६ मध्ये अशाच जुळणीने पोलंडमधल्या अंडी फार्मांपर्यंत पोचला. त्यापुढे २०२१ मध्ये जॉर्जिया विद्यापीठातल्या श्यांग्यू देंग यांच्या गटाने ९८ देशांतले, १९४९ ते २०२० मधले ३०,०००हून अधिक जीनोम आणि जिवंत कोंबड्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नोंदी एकत्र मांडल्या. जगभरच्या कोंबड्यांमधले प्रमुख वंश थोड्याच ठिकाणच्या पैदाशीच्या कळपांतून, त्या व्यापाराच्या वाटांनी पसरले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. मूठभर कंपन्यांकडे मूळ वाण, त्याखाली आजी-आजोबांची पिढी, मग पेरेंट स्टॉक म्हणजे लेयर कोंबड्यांचे आईबाप, आणि तळाशी लाखो लेयर. वरच्या टप्प्यावर एक कळप बाधित असला तर पिलांबरोबर जंतूही समुद्रापार जातो.

भारतातला आधुनिक लेयर व्यवसायही परदेशी वाणांवरच उभा राहिला आणि पुणे हे त्याचे मोठे केंद्र बनले. आपल्याकडे पोल्ट्रीवाला पुलेट (अंड्यावर यायच्या तरुण कोंबड्या) किंवा एक दिवसाची पिले घेताना मरतूक किती आणि अंडी किती याची चौकशी करतो, आणि ती रास्तच आहे. पण एन्टेरिटिडिस बहुधा मोठ्या कोंबडीला आजारी पाडत नाही आणि अंड्यांची संख्याही घटवत नाही, त्यामुळे या दोन प्रश्नांत तो सापडत नाही. पेरेंट स्टॉकच्या शेडमधल्या विष्ठेची आणि धुळीची साल्मोनेलासाठी तपासणी कधी झाली, तिचा अहवाल उबवणी केंद्राकडे मागायला हवा. आणि त्या तपासणीत जंतू सापडलाच, तर त्याचा जीनोम वाचून तो सर्वांसाठी खुला ठेवायला हवा, कारण जुळवायला आपल्याकडचेच नमुने नसतील तर साथ कुठून आली हे परदेशातल्या नोंदींवरून ठरवता येणार नाही.