टोपलीतलं गुलाबी पिल्लू

उन्हाळ्याच्या सुट्टीत सिंहगड रस्त्याला संध्याकाळी एखादा टोपलीवाला दिसतो. टोपलीत गुलाबी, हिरवी, केशरी रंगवलेली कोंबडीची पिल्लं चिवचिवत असतात. माझ्या मावसबहिणीच्या तीन वर्षांच्या लेकीने यंदा हट्ट करून त्यातली दोन धायरीच्या घरी आणली. मागच्या अंगणात सासूबाईंच्या चार गावरान कोंबड्या होत्याच. मग बहिणीचा फोन आला, "बर्ड फ्लू तर नाही ना होणार गं?"

मी म्हटलं, "ते नंतर बघू. आधी ती पिल्लं पोरीच्या हातातून घे."

लहान मुलांच्या बाबतीत कोंबडीकडून येणारी नेहमीची पीडा म्हणजे साल्मोनेला. हा जिवाणू कोंबडीच्या आतड्यात निवांत राहतो. कोंबडी धडधाकट दिसते, अंडी देते आणि शिटेतून जंतू टाकत राहते. ते पिसांना, पायांना, खुराड्याच्या फळ्यांना लागतात. मोठा माणूस कोंबडीला हात लावून हात धुतो. तीन वर्षांचं मूल पिल्लाचा पापा घेतं आणि तोच हात तोंडात घालतं. पुढे ६ तासांपासून ६ दिवसांत जुलाब, ताप, पोटात कळा. मोठ्यांना हे आठवड्याभरात निभावतं, पण लहानग्याच्या अंगातलं पाणी झपाट्याने कमी होतं. पाच वर्षांखालच्या मुलांनी कोंबड्यांना आणि पिल्लांना हात लावू नये, असं अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सांगते ते यासाठीच.

पण कोंबडीपेक्षा पिल्लाची भीती जास्त का? खुडूक कोंबडीखाली निघालेलं पिल्लू आईच्या मागे फिरत, तिच्याच शिटेत चोच मारत मोठं होतं. आपल्याला किळस येईल, पण त्यातूनच आईच्या आतड्यातले निरुपद्रवी जिवाणू त्याच्या पोटात जाऊन जागा अडवतात. यंत्रात उबवलेल्या पिल्लाला आई भेटतच नाही. त्याचं आतडं म्हणजे मोकळा प्लॉट, जो आधी येईल त्याचा ताबा! १९७३ मध्ये नुर्मी आणि रांताला या फिनलंडच्या शास्त्रज्ञांनी यंत्रातल्या पिल्लांना प्रौढ कोंबडीच्या आतड्यातला ऐवज पाजला, तर साल्मोनेलाला त्यांच्यात पाय रोवणं अवघड गेलं. टोपलीतली पिल्लं बहुधा अंड्यांसाठीच्या जातीचे नर असतात. ते अंडी देणार नाहीत, मांसही फारसं धरत नाहीत, म्हणून हॅचरीला नकोसे. त्यात प्रवास, ऊन आणि दाटीवाटी. अशा ताणात जंतू जास्तच बाहेर पडतात. गावरान कोंबडी सोवळी असते असं नाही, पण मूल तिला पकडेपर्यंत ती कुंपणावर गेलेली असते.

आता बर्ड फ्लू. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला तो देशात पहिल्यांदा सापडला आणि लाखो कोंबड्या मारल्या गेल्या. माणसाचा पहिला मृत्यू मात्र २०२१ मधला, हरियाणातल्या एका मुलाचा. २०२५ मध्ये आंध्रातली दोन वर्षांची मुलगी गेली. तिने कोंबडीच्या कच्च्या मांसाचा तुकडा खाल्ल्याचं बातम्यांत आलं होतं. दोन्ही वेळी विषाणूवर शिक्कामोर्तब आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने केलं. म्हणजे धोका खरा आहे, पण विरळा. अंगणातल्या कोंबड्या पटापट मरू लागल्या तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचं. मानमोडीला, म्हणजे कोंबड्यांच्या राणीखेत रोगाला घाबरणाऱ्यांना एवढंच सांगते की ती माणसाला झालीच तर बहुधा डोळे येण्यावर निभावतं.

जुन्या वाड्याच्या आवारात कोंबड्या असतील तर भिंतीचे रंगाचे पोपडे बघा. त्यात शिसं असू शकतं, कोंबड्या ते टिपतात आणि शिसं अंड्यात उतरतं. हे साबणाने धुऊन जात नाही.

बहिणीने खुराड्याला जाळीचं दार लावलं, अंगणातल्या नळाशी साबण ठेवला, खुराड्यातल्या चपला दाराबाहेर काढल्या. लेक आता जाळीबाहेरून दाणे टाकते. पिल्लं सासूबाईंच्या ताब्यात आहेत, रंग उडून पांढरी झालीत.

अडलं ते दुधात फेटलेल्या कच्च्या अंड्यावर. सासरे तरुणपणी तालमीत जायचे, त्यामुळे नातीलाही ते हवंच. साल्मोनेलाचा एक प्रकार कवच तयार होण्याआधीच अंड्यात शिरतो, वरून कितीही धुतलं तरी आत राहतो, हे त्यांना दोनदा समजावलं. आता नातीला उकडलेलं मिळतं. आजोबा आपला पेला माजघरात जाऊन पितात.